बडग्या : एकट्यानं खेळायचा कागदी खेळ. निवड खरी कशी करायची?

अंबाझरीवाला

मंडळी, एक खेळ रचून राहिलो आहे. कच्चा खर्डा टाकतो, हवा तसा फोडा.

आधी थोडी पार्श्वभूमी. धरमपेठेत आमचा चौघांचा गट होता. शनिवारी रात्री टेबलाभोवती बसून रोल-प्लेइंग गेम खेळायचो. एक बंगळूरला गेला, एक पुण्याला, तिसऱ्याकडे जुळी झाली. उरलो मी आणि फाशांची पिशवी.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी : प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, त्याच्या वतीनं बोलायचं, ठरवायचं, आणि निकाल अडला की फासे टाकायचे. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला तेव्हापासून याला आकार आला. गटातला एक जण गेम मास्टर. जग त्याच्या डोक्यात असतं आणि बाकीचे त्यात फिरतात. एकट्यानं खेळायची सोयही फार उशिरा आली नाही. १९७६ मध्येच 'टनेल्स अँड ट्रोल्स' या खेळासाठी रिक लूमिस यांनी 'बफेलो कॅसल' हे एकट्याचं साहस काढलं. परिच्छेद वाचा, ठरवा, सांगितलेल्या पानावर जा. २००३ च्या 'मिथिक'नं वेगळी वाट घेतली : तुम्ही हो-नाहीचा प्रश्न विचारायचा, उत्तर फासे देणार. आता तर वही आणि पत्त्यांवर चालणारे शेकडो खेळ मिळतात. पण मराठीत, आपल्या गावातला, मला एकही सापडला नाही.

तर माझा खेळ. तुम्ही एका मोहल्ल्याचा बडग्या बनवणारे. मारबतीच्या आधीचे सात दिवस. सामान : पत्त्यांचा जोड, दोन फासे, वही, पेन. रोज एक पत्ता ओढायचा. पत्ता म्हणजे दाराशी आलेला माणूस आणि त्याचं गाऱ्हाणं. किलवर आलं तर नळ, रस्ता, दिवे. चौकट म्हणजे कामधंदा. इस्पिक म्हणजे पैसा, उधारी. बदाम म्हणजे घरातलं, नात्यातलं. पत्ता जितका मोठा तितकं दुखणं जुनं. माणसाला नाव द्या, गाऱ्हाणं दोन ओळींत लिहा आणि ठरवा : बडग्यावर लावायचं, आपल्या घरी ठेवून घ्यायचं, की परत पाठवायचं. बडग्यावर जागा तीन, घरी दोन.

मारबतीच्या दिवशी बडग्यावरच्या प्रत्येक गाऱ्हाण्यासाठी दोन फासे टाकायचे. १० किंवा वर : गाऱ्हाणं गेलं. ७ ते ९ : गेलं, पण जाताना काहीतरी घेऊन गेलं. ६ किंवा खाली : पुढच्या वर्षी पुन्हा दाराशी.

लिहायला मजा येते. पण निवड पोकळ वाटते. लावलं काय आणि परत पाठवलं काय, हाताला एकच चव. त्यात जीव कसा आणायचा?

टीपकागद

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर लिहितो रात्री.

बंडूभाऊ_खामला

एकट्यानं खेळाचा म्हंजे काय बे? समोर कोनी नाही त हारतो कोनाशी? मले त समजूनच नाही राहिलं.

अंबाझरीवाला

बंडूभाऊ, हारजीत नाहीच यात. पेशन्स लावता ना दुपारी कूलरसमोर? तसंच, फक्त शेवटी पत्त्यांच्या चार गड्ड्या न उरता एक गोष्ट उरते.

बंडूभाऊ_खामला

पेशन्समधी बी मी पत्ता सरकवून घेतो 😀 बरं, वाचून राहिलो. चालू द्या.

कसबेकर

कल्पना छान. पण आम्हा पुणेकरांना मारबत ऐकून माहीत, बडग्या नाही. कोणी सांगेल का? खेळणाऱ्याला आधी हे कळलं नाही तर पुढचं सगळं अधांतरी.

पिवळीमारबत

मी सांगते, माझं लहानपण जागनाथ बुधवारीच्या बाजूला गेलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद आणि कापड, आणि गल्लीतल्या तारांना डोकं लागेल एवढी बाई. भोसल्यांच्या घरातल्या बांकाबाईंनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, त्या रागातून काळी मारबत आली असं सांगतात. दोघी एकमेकींना भेटतात तेव्हा इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. आणि त्यांच्यासोबत असतात बडगे. बडग्या म्हणजे पुरुषाचा पुतळा, दरवर्षी नवा. त्या वर्षी लोकांना ज्याचा वैताग आला तो विषय : महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, एखादा पुढारी. अंगावर फलक. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडत न्यायचं आणि जाळायचं.

आता माझी हरकत. अंबाझरीवाले, तुम्ही बदाम ठेवलाय, म्हणजे नात्यातलं दुखणं, आणि ते बडग्यावर लावायची सोय दिलीय. असं कोणी करत नाही हो. बडग्यावरचं फलक भर चौकात वाचलं जातं. शेजारच्या काकू वाचतात, चहावाला वाचतो, उद्या फोटो छापून येतो. जावेनं भांडी वाटून घेतली हे कोण लावेल तिथे? हसू होईल. तुमच्या खेळात किलवर लावणं आणि बदाम लावणं एकाच भावात आहे. मोहल्ल्यात ते कधीच एका भावात नसतं.

टीपकागद

पिवळीताई, तुम्ही हरकत म्हणून लिहिलंत, पण अहो, हाच तर खेळ आहे!

गाऱ्हाणं जाळायचं असेल तर आधी चौकात दाखवावं लागेल. दाखवायचं नसेल तर घरात सांभाळावं लागेल. रस्त्यातल्या खड्ड्याला लाज नसते, बदामाला असते. आता मला सात दिवस विचार करावासा वाटेल. अंबाझरीवाले, हे आधी नियमात घ्या.

गणितमास्तर

निवृत्तीनंतर वेळ आहे, म्हणून हिशोब मांडला.

दोन फाशांच्या एकूण ३६ जोड्या. १० किंवा वर येण्याच्या ६, म्हणजे १६.७ टक्के. ७ ते ९ च्या १५ आणि ६ किंवा खालच्याही १५, म्हणजे प्रत्येकी ४१.७ टक्के. ही तीन पायऱ्यांची मांडणी २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'पासून बऱ्याच खेळांत आली. पण तिथे फाशांच्या बेरजेत पात्राचा गुण मिळवतात, त्यामुळे आपण काय करतो आणि कोण करतो यानं शक्यता हलते. तुमच्याकडे नुसते फासे. तीनही गाऱ्हाणी विनासायास जाण्याची शक्यता २१६ मध्ये १. तीनपैकी निदान एक परत येण्याची शक्यता सुमारे ८० टक्के. आणि ही टक्केवारी खेळणाऱ्यानं सात दिवस काहीही केलं तरी तसूभर हलत नाही.

निवड पोकळ का वाटते याचं उत्तर मला इथेच दिसतं. सापशिडी घ्या. दान पडलं की सोंगटी जाते, शिडी की साप ते पटावर छापलेलं. आपण फक्त हात हलवायचा. सारीपाटात फासे तसेच, दैवही तेवढंच, पण दान आधी पडतं आणि मग चार सोंगट्यांतली कोणती चालवायची ते आपण ठरवतो. मारायची, की घरात न्यायची, की अडवून बसायचं. दोन्ही खेळांत नशीब आहे, पण एकात ते निवडीच्या आधी येतं आणि दुसऱ्यात निवडीची जागाच नाही.

तुमचं दान सगळ्यात शेवटी पडतं. माणसानं आठवडाभर जे ठरवलं त्यावर ते पाणी फिरवतं. दान पुढे आणा.

अंबाझरीवाला

मास्तर, दंडवत.

शेवटचे फासे काढून टाकले. जे लावलं ते जळणार, बात खतम. पिवळीताई आणि मास्तर दोघांचं धरून नवी मांडणी अशी :

सुरुवातीला वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या घरातल्या चार गोष्टी लिहायच्या. वस्तू, माणूस, सवय, काहीही. 'बाबांची लुना', 'गच्चीवरची झोप', असं.

रोज पत्ता ओढला की लगेच एक फासा. तो सांगतो, हे गाऱ्हाणं बडग्यावर लावायचं तर काय पडेल. १-२ : काही नाही. ३-४ : मोहल्ल्यातलं एक माणूस दुखावतं, त्याचं नाव लिहा. ५-६ : पहिल्या पानावरची एक ओळ खोडा. किंमत दिसल्यावर ठरवायचं. पत्ता बदामाचा असेल तर वरून आणखी एक : फलकाची ओळ त्या माणसाच्या नावासकट मोठ्या अक्षरात लिहायची, आणि ती पहिल्यांदा कोणी वाचली तेही लिहायचं.

घरी ठेवलं तर आज फुकट. पण पुढे त्याच रंगाचा पत्ता आला की घरातलं गाऱ्हाणं एका वाक्यानं वाढतं. परत पाठवलं तर त्या माणसाचं नाव समासात. मारबतीच्या दिवशी समासातली सगळी नावं गर्दीत असतात आणि प्रत्येक जण एक वाक्य बोलतो. त्या दिवसासाठी 'त्याला कसं वाटलं ते लिहा' असे प्रश्नही ठेवलेत.

कसबेकर

सुधारलं. दोन शंका.

एक, एकट्याच्या खेळात फासा आवडला नाही तर मी पुन्हा टाकेन. कोण बघतंय? दोन, तीन पर्याय आणि सात दिवस म्हणजे वाटा किती? सगळ्यांचे शेवट कसे लिहिणार?

टीपकागद

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे मी स्वतः वर्ष घालवलंय.

'पान अमुकवर जा' पद्धतीच्या पुस्तकांचं दुखणं हेच. १९८२ साली स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांचं 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' आलं. त्यात ४०० परिच्छेद. ऐकायला भरपूर वाटतात. पण दर वळणावर दोनच फाटे धरले तरी दहा वळणांनंतर १०२४ टोकं होतात. कोणी लिहीत नाही एवढं. म्हणून लेखक काय करतो, फाटे फोडतो आणि तीन पानांनी पुन्हा एकत्र आणतो. डावीकडून जा नाहीतर उजवीकडून, त्याच पुलावर पोचता. वाचणाऱ्याला दुसऱ्या वाचनात याचा वास येतो, आणि एकदा वास आला की पुढची प्रत्येक निवड संशयास्पद.

बडग्यात ही भानगडच नाही. मारबतीचा दिवस सगळ्यांना एकच. वाट एकच आहे, पण वही वेगळी आहे. गर्दीतला माणूस बोलणार हे छापलेलं, पण कोण आणि कशाचा राग धरून, ते तुमच्या समासात. शेवट लिहायचाच नाही. शेवटच्या दिवसाचे प्रश्न लिहायचे, जे वहीतूनच उत्तर मागतील.

पहिली शंका. पेशन्समध्ये माणूस पत्ता सरकवतो (बंडूभाऊ, तुमच्याकडे बघत नाहीये) कारण तिथे सुटणं हे एकच बक्षीस आहे. इथे सुटतंय काय? पाच पडले, ओळ खोडायची नसेल तर घरी ठेवा ना. मोकळीक आहेच. फक्त एक नियम घाला : पेन्सिल नाही. खोडलेली ओळ खाली दिसत राहिली पाहिजे.

गणितमास्तर

पुरवणी. जागा पूर्ण भरल्या, म्हणजे बडग्यावर तीन, घरी दोन आणि दोन परत, तर सात दिवसांच्या मांडण्या २१०. पत्ते वेगळे, फासे वेगळे ते सोडून. एका पानाच्या नियमांना एवढं पुष्कळ झालं.

गोरेवाड्याचा_मोर

चॅटबॉटला गेम मास्टर केलं तर? मी करून पाहिलं, लिहितो बरं.

टीपकागद

मीही पाहिलं. लग्नातल्या मामासारखा, कशालाही नाही म्हणत नाही. राजवाडा मागितला, राजवाडा दिला. अडवणारं कोणी नसेल तर ठरवायचं कशाला?

रात्रपाळी

नवे नियम वहीत उतरवून घेतले आणि ड्युटीवर पहाटेकडे वॉर्ड निजल्यावर खेळले. सांगते कसं झालं. जरा लांबेल.

पहिल्या पानावर लिहिलं : आईचं शिवणयंत्र. दादाची चिठ्ठी. अंगणातला पारिजातक. रविवारची पुडाची वडी.

पहिल्या दिवशी किलवर अठ्ठी. गल्लीच्या तोंडाचा दिवा बंद, तक्रार घेऊन आले वानखेडे काका. फासा २. लावून टाकलं, विचारही केला नाही. दुसऱ्या दिवशी इस्पिक तिर्री, कोणाची तरी किराण्याची उधारी. परत पाठवला. नाव समासात लिहिलं आणि विसरले. इथपर्यंत मला वाटत होतं, ठीक आहे, वेळ जातोय.

तिसऱ्या दिवशी बदाम राणी. मी तिला मंगला म्हटलं. मंगलाचं गाऱ्हाणं : आई गेल्यावर भावानं घराच्या कागदावर तिची सही घेतली, वाचू न देता. फासा ५.

आता बघा. लावायचं तर माझ्या घरातली एक ओळ जाणार. शिवाय फलकावर 'मंगला' असं मोठ्या अक्षरात. शिवाय ते पहिल्यांदा कोण वाचणार तेही मलाच लिहायचं. मी पेन धरून बसले. वाचणारा तिचा भाऊच असणार हे मला दिसलं होतं, आणि ते लिहायचं नव्हतं. परत पाठवायचं तर ती समासात जाणार, मारबतीला गर्दीत उभी राहणार. घरी ठेवलं.

मग पाचव्या दिवशी पुन्हा बदाम, दुर्री. कोणाच्या सुनेचं काहीतरी किरकोळ. पण नियमानं मंगलाचं गाऱ्हाणं एका वाक्यानं वाढायचं. मी लिहिलं : 'सही करताना पेन तिचंच होतं.' कुठून आलं माहीत नाही. त्यानंतर सुनेचं ऐकायची माझी तयारीच नव्हती, तिला परत पाठवलं. एरवी मी अशी नाही.

मारबतीच्या दिवशी समासात तीन नावं होती. सुनेनं गर्दीतून जे वाक्य टाकलं ते इथे लिहीत नाही.

दोन तक्रारी. एक, १-२ आलं की निवडच उरत नाही, लावून मोकळं. दुसरी, 'त्याला कसं वाटलं ते लिहा' असे प्रश्न शेवटच्या दिवसात आहेत. त्यांना मी 'वाईट वाटलं' लिहून पुढे गेले.

पिवळीमारबत

मंगलाचं वाचून दोनदा पाणी प्यायले.

गणितमास्तर

रात्रपाळी यांची पहिली तक्रार रास्त. ज्याचं उत्तर उघड आहे ती निवड नाही, ती वजाबाकी आहे. पण फासा जड करून उपयोग नाही, मग प्रत्येक दिवस रडवेला होईल. फुकटचं गाऱ्हाणं जागा खातं, ही त्याची किंमत असू द्या. बडग्यावर तीनच जागा. पहिल्या दिवशीच वानखेडे काकांचा दिवा लावला, म्हणजे पुढच्या कोणासाठी तरी दार बंद झालं. हे खेळणाऱ्याला माहीत हवं म्हणून सात दिवसांची सात घरं आणि तीन जागा पहिल्याच पानावर आखून द्या, डोळ्यांसमोर. कोणतं दार कोणाला बंद झालं ते मागाहून सांगितलं तर माणूस फसवला गेला म्हणतो. आधी दिसत असताना केलं तर स्वतःकडे बघतो.

आणि एक चांगली गोष्ट तुम्ही नकळत केलीत, ती बिघडवू नका. तुमच्या किमती एका नाण्यात नाहीत. दुखावलेला शेजारी, खोडलेली ओळ, चौकातली लाज. समजा तुम्ही 'लाज ३, शेजारी २' असे आकडे लावले असते, तर मी पहिल्या खेळातच कोष्टक करून सर्वोत्तम चाल काढली असती आणि खेळ संपला असता. पारिजातक आणि वानखेडे काका यांची बेरीज होत नाही, म्हणूनच ठरवावं लागतं.

आता पत्त्यांचं. बावन्न पत्त्यांतून सात ओढले तर एकही बदाम न येण्याची शक्यता सुमारे ११.५ टक्के. म्हणजे साधारण नऊ खेळांत एकदा तुमचा खेळ नुसता नळ आणि उधारीचा होईल. सहा दिवस बदाम आलं नाही तर सातव्या दिवशी ते शोधून काढायचं, असा नियम ठेवा.

अंबाझरीवाला

घेतलं, तिन्ही. घरं आखतो, आकडे लावत नाही, सातवा दिवस बदामाचा.

रात्रपाळी ताई, एवढं बारकाईनं लिहिलंत, आभार. शेवटच्या दिवसाच्या प्रश्नांवर कोणी मदत कराल?

टीपकागद

प्रश्नांबद्दल माझं मत पक्कं आहे. 'कसं वाटलं' हा प्रश्न खेळातून हद्दपार करा. भावना विचारली की माणूस शाळेतल्या निबंधावर जातो. वस्तू विचारा, हालचाल विचारा, भावना आपोआप सांडते.

उदाहरणं देतो, हवी ती उचला. दाराशी आलेल्यासाठी : तो चपला काढतो का? बोलताना कोणाकडे बघत नाही? फलक लावताना : कोणतं अक्षर चुकलं आणि ते दुरुस्त केलं का? घरी ठेवलेल्यासाठी : ते घरात कुठे ठेवलं, आणि ती जागा आधी कशासाठी होती? गर्दीतल्यासाठी : त्याच्या हातात काय आहे?

आणि गर्दीतल्याचं वाक्य खेळणाऱ्यानं लिहायचंच, पण त्याला अट घाला : हे वाक्य आधीच्या पानांवरचा एक शब्द उसना घेईल. म्हणजे मागे पान उलटावं लागतं. एकट्याच्या खेळात गेम मास्टर नसतो म्हणून सर्वात जास्त अडतं ते इथे. आश्चर्य फासे देतील, अडवणूक नियम देतील, पण तीन दिवसांपूर्वी तुम्ही काय बोललात हे लक्षात ठेवून बरोबर वेळी काढणारा माणूस नाही. ते काम वहीकडून करून घ्यावं लागतं, आणि वही आपणहून उघडत नाही. नियमानं उघडायला लावा.

कसबेकर

'चपला काढतो का' भारी आहे. वाखुसा (वाचनखूण साठवली).

हे पुण्यात खेळायचं तर बडग्याऐवजी दुसरं काही घेऊ का? होळी?

पिवळीमारबत

होळीत काय जळतंय ते कोणी वाचत नाही. फलक पाहिजे, आणि ते वाचणारा चौक पाहिजे. बडग्याच घ्या, वर्षातून एकदा नागपूरकर व्हा, काही होत नाही.

अंबाझरीवाले, एक राहिलं. बडग्याला चेहरा कोणाचा? खऱ्या बडग्याला तो असतो, सगळी गंमत त्यातच असते. तुमच्याकडे नुसता फलकांचा खांब झालाय.

अंबाझरीवाला

चेहरा सातव्या रात्री काढायचा, असं डोक्यात आहे. तीन जागा भरल्यावर. तिन्ही फलकांना एकच चेहरा शोभला पाहिजे, मग तो कोणाचा? समजा दिवा, उधारी आणि मंगला लावलं, तर या तिघांना मिळून एक चेहरा. आधी चेहरा ठरवला तर खेळणारा त्याला साजेशी गाऱ्हाणी निवडत बसेल, ते नको.

रात्रपाळी

नको हो. म्हणजे हवं. मला मंगलाच्या भावाचा काढावा लागला असता, ती बडग्यावर नसतानाही.

व्यवस्थापक

धागा 'छंद आणि खेळ' विभागात हलवला आहे. विषय बदललेला नाही, काळजी नसावी.

बंडूभाऊ_खामला

मी खेळलो बाप्पा. पोरीच्या लुडोचे फासे घेतले. तीन दिवस झाले, सगळे इस्पिकच येऊन राहिले, मोहल्ला कर्जबाजारी झाला माह्या. एक सांगा, जोकर काढाचा का ठेवाचा?

अंबाझरीवाला

काढायचा. त्याला रंग नाही, मग गाऱ्हाणं कशाचं?

पिवळीमारबत

ठेवा की! जोकर आला तर त्या दिवशी दाराशी कोणी येत नाही. गाऱ्हाणं तुमचं स्वतःचं. आणि स्वतःला परत पाठवता येत नाही, म्हणजे दोनच पर्याय.

टीपकागद

+१. आणि लावलं तर फलकावर नाव खेळणाऱ्याचं, पात्राचं नाही.

अंबाझरीवाला

हे जरा जास्तच होतंय का? कोणी पहिल्याच दिवशी जोकर ओढला तर वही मिटून ठेवेल.

गणितमास्तर

दोन जोकर धरून ५४ पत्ते, सात ओढले तर निदान एक जोकर येण्याची शक्यता सुमारे २४.५ टक्के. चार खेळांत एकदा. एवढं चालावं. नको असेल त्याला आधीच काढून ठेवू द्या, पण काढलेला पत्ता वहीशेजारी उपडा ठेवायचा.

अंबाझरीवाला

ठरलं, दोन जोकर आत. सगळे नियम एका ए-फोर कागदावर, घडी घालून आठ पानं. झेरॉक्सला टाकलं की इथे फाईल देतो. रंगीत काही नाही, मागे फक्त सात घरं आणि तीन जागा.

बंडूभाऊ_खामला

माह्या जोडात तीन जोकर हायेत.

गणितमास्तर

मग ३४ टक्के. एक काढा.